दुसरीचा आवाज

नांदेड

प्रिय आक्का,


सध्या रोज रात्री जात्यावरच्या ओव्या ऐकते आहे. आपल्याच मुलखातल्या. नांदेडहून परभणीकडे जाताना पूर्णा लागतं ना, त्या तालुक्यात ताडकळस आहे. तिथल्या गंगूबाई अंबोरे यांनी सीतेचा वनवास गायला आहे. रडणाऱ्या सीतेची समजूत काढायला बोरी-बाभळी येतात, माणूस कुणी येत नाही. ते ऐकल्यावर मला बराच वेळ काही सुचलं नाही. माजलगावच्या भीमनगरातल्या राधाबाई बोऱ्हाडेही आहेत. पहिली ओवी देवाची, ही जुनी रीत. तो मान त्यांच्याकडे भीमराव आंबेडकरांना.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. पुढं १९९६ च्या सुमारास बर्नार्ड बेल यांनी आवाज टिपायला सुरुवात केली. आता पी. साईनाथांच्या ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या कुणालाही ऐकता येतात.

पण मला तुला सांगायचंय ते जात्यावरच्या दुसरीबद्दल. ओवीला आपण एकटीचं गाणं म्हणतो, ते मला पटत नाही. आई आणि काकू कशा दळायच्या, आठव. समोरासमोर बसून, एक पाय लांब, एक दुमडलेला, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं ओढायचं, दुसरीनं ढकलायचं. आई ओवी उचलायची. तिचा दम संपायच्या आत काकू शेवटचा शब्द झेलायची आणि तीच ओळ फिरवून म्हणायची. तेवढ्यात आईला पुढचं सुचायचं, मूठभर ज्वारीची वैरण जात्यात पडायची, आणि जातं काही थांबायचं नाही. काकू झेलत होती म्हणून आई रचत होती. तरी अजून सगळे म्हणतात, “आईच्या ओव्या.” काकूचं नाव कुणीच घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पिठाची गिरणी आली आणि बायांच्या खांद्यांचे हाल संपले. ते चांगलंच झालं. पहाटे उठून पायलीभर दळणं काय असतं ते आपण पाहिलंय. पण गिरणीत दळण टाकलं की ओवी सुचायला जागाच उरत नाही.

तुझ्या सासूबाई आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई औशाकडं अजून आहेत. १९९३ च्या भूकंपात घर पडलं, तरी ढिगाऱ्यातून जातं धड निघालं, असं तूच सांगितलं होतंस. वैशाखात तुमच्याकडं लग्न आहे. हळद दळायला तेच जातं मांडतील, जात्याला हळकुंड बांधतील. दोघींना तिथं समोरासमोर बसव आणि त्यांच्या ओव्या फोनवर टिपून घे. नुसतं खाटेवर बसवून “म्हणा” म्हणू नकोस. हात फिरल्याशिवाय त्यांना ओळी आठवायच्या नाहीत. फोन जात्यापासून जरा लांब, त्यांच्या तोंडाच्या उंचीला ठेव, नाहीतर घरघरीत शब्द बुडतील. कोण उचलतंय, कोण झेलतंय, ते कागदावर मांड आणि दोघींची पूर्ण नावं लिही, माहेरच्या गावांसकट. हळदीच्या आदल्या दिवशी मी लातूरला पोचते.

तुझी,
धाकटी