खरप्याचा फेरफार

भीमेच्या जलाशयातून कुर्डुवाडीच्या बाजारात येणाऱ्या पाटीत, चिलापी आणि कटला यांच्या राशीखाली दडून राहिलेला, चपट्या डोक्याचा, खालचा जबडा किंचित पुढे आलेला खरपा गिऱ्हाइकाच्या नजरेस क्वचितच पडतो. परंतु प्राणिशास्त्र शिकविण्यात ज्याची हयात गेली त्या माझा हात मात्र आधी त्याच्याकडेच वळतो. पांढऱ्या बशीत त्याला उताणा ठेवावा, ओल्या कुंचल्याने पोटाखालचे पर अलगद उलगडावेत, आणि दोन सुट्या परांच्या जागी त्यांचा एकजीव झालेला चषक उमलताना पाहावा, हे सुख मला आजही पहिल्या दिवसाइतकेच ताजे वाटते.

या चषकानेच पूर्वसूरींना कुलनिर्णयाचा सोपा मार्ग दाखविला. चषक असेल तो गोबी कुळातला, पर सुटे असतील तो इलिओट्रिस कुळातला, अशी वहिवाट बराच काळ चालली. पण प्रवाळांत राहणाऱ्या कित्येक चिमुकल्या गोबींचे परही सुटेच असतात हे ध्यानात आल्यावर हा दाखला अपुरा ठरला, आणि कल्ल्यांखालच्या पातळ पडद्याला तोलून धरणाऱ्या अस्थिशलाका मोजणे प्राप्त झाले. गोबींत त्या पाच, इलिओट्रिसांत सहा. पहिली शलाका इतकी बारीक असते की उतावळ्या नजरेला ती दिसतच नाही. तरुणपणी मी ती एकदा गाळली आणि एका माशाला भलत्याच कुळात बसविले. तेव्हापासून दोन्ही बाजू मोजल्याशिवाय मी वहीत आकडा लिहीत नाही, आणि विद्यार्थ्यांनाही लिहू दिला नाही.

आपल्या खरप्याच्या नावाची हकीकत मला विशेष जिव्हाळ्याची आहे. मुंबई सरकारच्या चाकरीत दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करीत हिंडलेल्या कर्नल साइक्स यांनी १८३९ साली इथले मासे शास्त्राच्या दप्तरी दाखल करताना याला ‘गोबियस कुरपाह’ म्हटले, म्हणजे मराठी कोळ्याभोयांच्या तोंडचा शब्दच लॅटिनच्या शेजारी बसविला. दुर्दैवाने फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या याच माशाला १८२२ सालीच ‘जियुरिस’ असे नाव दिले होते; अग्रक्रमाच्या नियमाने तेच कायम झाले आणि ‘कुरपाह’ समनामांच्या यादीत गेले. पुढे जिभेच्या टोकाशी असलेल्या खाचेवरून त्याची प्रजाती ‘ग्लॉसोगोबियस’ ठरली. निवाडा न्याय्य आहे हे मी जाणतो, तरी मनाची हळहळ जात नाही.

तलाठ्याच्या दप्तरात जमीन जागची हलत नाही, फेरफार होतो तो नोंदीचा. तसेच या कुळाचे चालले आहे. कोकणच्या खाड्यांतल्या चिखलात उड्या मारणारी निवटी खरप्याची एकाच कुळातली भावकी म्हणून मी वर्षानुवर्षे शिकविली. पुढे सांगाड्यांच्या जोडीला जनुकांचीही रुजुवात झाली, आणि २०१६ साली निघालेल्या ‘फिशेस ऑफ द वर्ल्ड’च्या पाचव्या आवृत्तीत निवटीचे घर ‘ऑक्सुडर्सिडी’ या नावाने वेगळे निघाले. उलट कृमीसारख्या लांबट देहाचे जे मासे आजवर स्वतंत्र कुळाचे मानले जात, ते गोबींच्या खात्यात जमा झाले. माझी जुनी टिपणे मी खोडली नाहीत; समासात नवी नोंद आणि साल तेवढे लिहिले.

काल आणलेला खरपा फॉर्मलीनच्या बरणीत ठेवला. आत सोडायच्या चिठ्ठीवर, द्रवात पुसू नये म्हणून शिसपेन्सिलीने, आधी हॅमिल्टन यांचे नाव लिहिले, त्याखाली साइक्स यांचे, आणि मग ठळक अक्षरांत: खरपा, भीमा नदी, तालुका माढा.