हेन्रिएटाचा गणपती

हेन्रिएटा हे ऐकल्यावर एखाद्या गोऱ्या मडमेचं नाव वाटतं. पण ते एका गावाचं नाव आहे. मॉरिशस बेटाच्या मधल्या पठारावर, व्हाकोआ नावाच्या शहरापासून जवळच, उसाच्या शेतांमध्ये ते वसलंय. त्या गावाचा आमच्या चिपळूणकडच्या मातीशी जवळचा संबंध असावा असा माझा दाट संशय आहे.

मॉरिशस म्हटलं की आपल्याला समुद्र, पांढरी वाळू आणि हनिमूनची जोडपी आठवतात. टूरवाले तेवढंच दाखवतात. बेटाच्या आत जी शेती आहे, गावं आहेत, तिकडे कोणी फिरकत नाही. हेन्रिएटाला पर्यटक येतात ते जवळच्या टॅमरिन्ड धबधब्यासाठी. तो बघतात, फोटो काढतात आणि गावाकडे न बघता निघून जातात.

आता मला हे गाव कुठून कळलं? तर गणपतीमुळे. मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव हेन्रिएटा गावात 1896 साली भिवाजी नावाच्या कुटुंबाने केला, असं तिकडे सांगतात. टिळकांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला तो 1893 मध्ये. म्हणजे अवघी तीन वर्षं! त्यामुळे टिळकांचं लोण थेट मॉरिशसला पोचलं असं म्हणायचा मोह होतो. मला ते काही पटत नाही. कोकणातला गणपती टिळकांच्या कितीतरी आधीपासून घरातला आहे. भिवाजींनी पुण्याचा उत्सव नाही, आपल्या घरातला गणपती तिकडे बसवला असणार.

आणि भिवाजी! हे आडनाव नाही हो, हे नाव आहे. आमच्या वाडीत जुन्या पिढीत दोन भिवाजी होते. तिकडे उतरलेल्या मजुराला नाव विचारायचे आणि वहीत लिहायचे. पुढे तेच नाव पोराबाळांचं आडनाव झालं. तिकडच्या मराठी माणसांची आडनावं बघा, बाबाजी, बापू, सखाराम. आपल्याकडे माणूस भेटला की आडनावावरून आपण लगेच मनातल्या मनात त्याची जात, गाव, भावकी सगळं लावून टाकतो. तिकडे ती सोय कारकुनाच्या एका फटक्यात संपली. वाईट झालं की बरं झालं, तुम्हीच ठरवा. मला तरी बरंच झालं असं वाटतं.

थोडा इतिहास सांगतो, कंटाळा करू नका. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली आणि मॉरिशसच्या ऊसमळ्यांना माणसं कमी पडायला लागली. मग 1834 पासून हिंदुस्थानातून कराराने मजूर न्यायला सुरुवात झाली. 1910 पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. बहुतेक बिहारकडची, त्याखालोखाल तमिळ-तेलुगू. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे, आणि त्यात आपले रत्नागिरीकडचे. पोर्ट लुईला ते ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट 2006 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. करार संपल्यावर परत यायची मुभा होती, पण आले ते तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. बाकीचे तिथलेच झाले.

का गेले असतील? कोकणात पाऊस भरपूर, पण पिकणार काय, तर भात, नाचणी, वरी. त्यातला मोठा वाटा खोताच्या घरी, वर वेठबिगार. ही खोती सहजासहजी गेली नाही. 1929 साली इथे चिपळूणला शेतकरी परिषद भरली, डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते. 1937 साली त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक आणलं आणि कायद्याने खोती गेली ती थेट 1949 च्या कायद्याने. ज्याने 1850 च्या सुमाराला गाव सोडलं, त्याने शंभर वर्षं वाट बघायची होती की काय?

असो. तर गेल्या काही वर्षांत आम्ही सहकुटुंब मॉरिशसला गेलो तेव्हा मी एक दिवस मागून घेतला. मुलं समुद्रावर आणि मी भाड्याच्या गाडीने हेन्रिएटाला. किनाऱ्यावर कडक ऊन होतं आणि वर चढत गेलो तसा पाऊस सुरू झाला. कुंभार्ली घाट चढताना होतो तसा! दोन्ही बाजूंना ऊस, आणि शेतात मध्येच काळ्या दगडांचे उंच ढीग. ज्वालामुखीचं बेट ते, जमीन दगडांनी भरलेली. ते दगड मजुरांनी हातांनी वेचून रचले, तेव्हा ऊस लागला. मला एकदम आमचे गडगे आठवले. घरं मात्र कौलारू नाहीत. 1960 च्या कॅरोल चक्रीवादळाने बेटावरची हजारो घरं उडवली, तेव्हापासून सगळीकडे सपाट छपरांची सिमेंटची घरं.

एका घराच्या पायरीवर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते. मी मराठीत नमस्कार केला. ते चपापले, मग सावकाश, एकेक शब्द वेचत म्हणाले, "आपण कोठून आलात?" घरात ते क्रेओल बोलतात. मराठी शाळेत शिकलेले. तिकडे मुलांना पूर्वजांची भाषा शाळेत घेता येते. त्यामुळे त्यांचं मराठी अगदी पुस्तकातलं, आणि माझं रांगडं. त्यांना माझं अर्धं कळत नव्हतं! पण गणपतीत तुम्ही काय करता विचारल्यावर ते उठून उभे राहिले. "झाकरी," म्हणाले आणि पाय आपटून दाखवला.

अहो, ही आमची जाखडी! मध्ये ढोलकी आणि गाणारा, भोवती गोल करून नाचणारे, पायात चाळ. माझे वडील शक्तीवाल्यांच्या बाजूने नाचायचे. आता आमच्या वाडीत गोल पुरा करायला माणसं नाहीत. मुंबईकर गणपतीच्या गाडीने येतात, पाचव्या दिवशी निघतात आणि घरांना परत कुलपं. आमच्याकडे गणपती म्हणजे माणसं घरी यायचा सण. त्या भिवाजींना घरी यायची सोयच नव्हती.

मग त्या गृहस्थांनी एक कागद आणला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरं जपलेली आहेत, तिथून मिळवलेला पणजोबांचा उतारा. नंबर, वय, उंची, जिल्हा रत्नागिरी, आणि इंग्रजी अक्षरांत गाव 'पेडे'. "हे कोठे आहे?" त्यांनी विचारलं.

मी काय सांगणार? चिपळूण तालुक्यात परशुरामच्या पायथ्याला पेढे आहे, आणि शिरगावच्या बाजूला पेढांबे. दोन्हीकडे मी जाऊन आलो. देवळात विचारलं, म्हाताऱ्यांना विचारलं. दीडशे वर्षांपूर्वी गेलेला माणूस कोणाच्या आठवणीत असणार? कागद तर आमच्याकडे टिकतच नाहीत. 1864 साली स्थापन झालेलं आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 2005 च्या पुरात भिजलं आणि 22 जुलै 2021 ला पुन्हा. माझ्या स्वतःच्या पणजोबांची उंची मला माहीत नाही. त्यांच्या पणजोबांची इंचात लिहून ठेवलेली आहे.

त्यांना मी दोन्ही गावांचे फोटो पाठवले आणि नावं म्हणून दाखवली, फोनवर रेकॉर्ड करून. त्यांनीही म्हणून पाठवली. 'ढ' काही केल्या त्यांना येत नाही. 'पेडे' म्हणतात, अगदी त्या कारकुनाने लिहिलंय तसं.