परसबागेतील शरद

वारणाकाठी भाद्रपद उतरणीला लागला की पावसाचा स्वभाव पालटतो. आषाढ-श्रावणात पन्हाळ्यावरून आणि जोतिबाच्या डोंगरावरून न हटणारे ढग आता दुपारी जमतात, एखादी सर टाकतात आणि निघून जातात. कारखान्याचा गळीत हंगाम अद्याप दूर असतो. उसालाही तुरा आलेला नसतो. या मधल्या दिवसांत वारणानगरात पाहण्यासारखे काय, असे कोणी विचारल्यास मी त्यांना घरामागची परसबाग दाखवीन. आमची बाग जेमतेम दीड गुंठ्याची. परंतु बँकेतून निवृत्त झाल्यापासून तिची रोजकीर्द मी नेमाने ठेवीत आलो आहे.

पहाटेची पहिली नोंद पारिजातकाची. रात्री उमललेल्या फुलांचा उजाडता उजाडता खाली सडा पडतो. फांदीला हात न लावता मिळणारे हे फूल आहे. कुंपणाशी तेरडा असतो. त्याचा रंग तीन दिवसांचा म्हणतात खरे. पण पिकलेल्या शेंगेला बोट लागताच ती फुटते, बी दूर उडते आणि पुढील वर्षाची तरतूद होऊन जाते. उन्हे वर आली की तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात. वालाच्या जांभळ्या फुलावर काळा भुंगा जड अंगाने उतरतो. त्याच्या भाराने फूल दबते आणि पराग त्याच्या अंगाला लागतो.

वेलींचे घड्याळ निराळे असते. कारले, घोसाळे व लाल भोपळा यांची फुले सकाळी उघडतात. दोडक्याचे फूल मात्र दिवस कलल्यावर उमलते आणि पडवळाचे पांढरे, झालरीचे फूल त्याहून उशिरा. आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा प्रघात आहे. त्यानंतर शतपावलीस वेलीपाशी गेल्यास दोडक्याची पिवळी फुले आपल्यासमोर उघडतात आणि थोड्या वेळाने त्यांवर पतंग येऊ लागतात. ‘फुले पुष्कळ, पण फळ धरत नाही’ अशी तक्रार अनेक गृहिणी करतात. वेलीला आधी बहुतांशी नरफुले येतात, हे त्याचे एक कारण. औषध फवारून पतंग-माश्या नाहीशा केल्या, हे दुसरे. ज्या फुलाखाली इवलेसे फळ दिसते ते मादीफूल. नरफुलाचा पराग त्यावर हलकेच टेकविला तरी काम होते.

इथेच खरा प्रश्न उभा राहतो. जे कीटक फळ धरवितात त्यांच्याच जातकुळीतील काही फळ बिघडवितातही. फळमाशी कोवळ्या दोडक्याच्या व कारल्याच्या सालीत अंडी घालते आणि आत अळ्या होतात. अशी फळे आपल्या स्वयंपाकघरात चालत नाहीत. दुकानदार कीटकनाशक किंवा माश्या मारणारा सापळा सुचवितात. आमच्या घरी तिसरा मार्ग स्वीकारला आहे. फळ बोटाएवढे होताच त्याला कागदी किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी सैल बांधायची. माशीला अंडी घालता येत नाहीत आणि तिला मारावेही लागत नाही. यंदा ३१ दोडके धरले. पिशवीतील २४ निर्मळ निघाले. पिशवीवाचून राहिलेले ७ डागाळले.

लिंबाच्या रोपाचा प्रश्न अधिक नाजूक होता. सौभाग्यवतींनी दोन वर्षांपूर्वी लावलेल्या त्या रोपावर एके सकाळी अकरा अळ्या आढळल्या. लिंबावरील फुलपाखराची ही अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते व मोठी होता होता हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून दुहेरी शिंग काढून उग्र वास सोडते. चार दिवसांत रोप उघडे पडले असते. सौभाग्यवती म्हणाल्या, ‘रोप वाचवा, पण अळ्याही वाचवा.’ पानांसकट एकेक अळी उचलून आम्ही विहिरीकडच्या जुन्या लिंबावर ठेवली. मोठ्या झाडाला तेवढी पाने गेल्याचा भार नसतो. काहींना पक्ष्यांनी टिपले असेल. परंतु पंधरवड्यानंतर झेंडूवर दोन काळी-पिवळी फुलपाखरे दिसली. रोपालाही आता नवी पालवी आहे.

व्यापारी वाचकांस मालातील घट-तूट परकी नाही. पेरूचा काही वाटा पोपटांचा, सीताफळाचा मुंग्यांचा, लिंबाच्या पानांचा अळ्यांचा, असा वाटा आधीच बाजूला काढला की उरलेले सारे उत्पन्न वाटते.

अनंत चतुर्दशीनंतर क्षमावणीस आपण समस्त जीवांची क्षमा मागतो. तो दिवस याच ऋतूत येतो. ज्यांची क्षमा मागायची त्यांपैकी पुष्कळजण त्या सुमारास परसदारीच असतात. ज्यांच्या घरामागे चार हात जागा आहे, त्यांनी एक दोडक्याचा वेल अवश्य लावावा आणि जेवणानंतर घटकाभर त्याच्यापाशी उभे राहावे.