परीक्षेच्या दिवशीची लॅब

मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये सगळ्यांत जास्त लाड होतात ते जन्मालाच न आलेल्या पेशंटचे. हा पेशंट कुरिअरने येतो. बोटाएवढी काचेची बाटली, तळाशी चिमूटभर पांढरट भुकटी आणि सोबतच्या कागदावर दोन ओळी: पुरुष, वय ५५, मधुमेह, पायाची जखम चिघळलेली, नमुना पू. जंतू ओळखा, त्याला कोणती अँटिबायोटिक्स लागू पडतील ते कळवा, अमुक तारखेच्या आत. भुकटी म्हणजे गोठवून सुकवलेले जिवंत जीवाणू. पाठवणाऱ्याला उत्तर माहीत असतं, आम्हाला नसतं. कागदोपत्री याचं नाव बाह्य गुणवत्ता मूल्यांकन. बोलताना सगळे ईक्वास म्हणतात.

आमची स्वतःची तपासणी आम्ही करतोच. एटीसीसी २५९२२ नावाचा ई. कोलाय प्रत्येक लॅबच्या फ्रिजात असतो. तो प्लेटवर पसरायचा, अँटिबायोटिकच्या डिस्क ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी डिस्कभोवती जंतू न वाढलेल्या वर्तुळांचे, म्हणजे झोनचे, माप घ्यायचे. माप ठरलेल्या मर्यादेत आलं की अगार ठीक, डिस्क ठीक, हातही ठीक. पण काही चुका या चाळणीतून सहज निसटतात. एक उदाहरण देतो. २०१९ साली, असे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेने सिप्रोफ्लॉक्सासिनचे निकष कडक केले. ई. कोलायच्या डिस्कभोवती पूर्वी २१ मिलिमीटरचा झोन आला की ‘सेन्सिटिव्ह’ लिहायचं. आता त्यासाठी २६ लागतात. भिंतीवर जुना तक्ता चिकटवलेला असेल, तर २३चा झोन मोजणारा हात अचूक, डिस्क ताजी, कंट्रोल पास आणि रिपोर्ट चूक. घरातल्या घरात ही चूक वर्षानुवर्षं सुखाने नांदते. बाहेरून आलेली एक बाटली ती एका खेपेत उघडी पाडते. ईक्वासचं मोल मला विचाराल तर ते इथे आहे.

कल्पना जुनी आहे. १९४७ साली अमेरिकेत बेल्क आणि संडरमन या दोघांनी पेनसिल्व्हेनियातल्या रुग्णालयांच्या लॅबना एकसारखे नमुने पाठवून साखर, हिमोग्लोबिन वगैरे मोजायला सांगितलं. उत्तरं इतकी विखुरलेली आली, की असल्या तपासण्यांची पुढे रीतच पडली. आपल्याकडे मायक्रोबायॉलॉजीसाठी आयएएमएम या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या संघटनेची योजना आहे. दिल्लीचं सर गंगाराम हॉस्पिटल आणि वेल्लोरचं सीएमसी ही तिची जुनीजाणती केंद्रं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेचा शिक्का हवा असेल तर अशा योजनेत भाग घ्यावाच लागतो.

आणि लाड सुरू होतात ते तिथूनच.

एरवी पू आला की त्या दिवशी बेंचवर जो टेक्निशियन असेल तो लावतो. ईक्वासचा पू सगळ्यांत अनुभवी माणसाकडे जातो. त्याच्यासाठी ब्लड अगारची ताजी बॅच निघते, मॅकॉन्की निघतं, बायोकेमिकल हाताने होतात आणि मशीनवरही लावतात. प्लेट रेसिडेंट बघतो, मग लेक्चरर, मग विभागप्रमुख. शंका आली की डिस्क पुन्हा. शेवटी ओळखीच्या लॅबला फोन जातो: ‘तुमचं काय आलं?’ पूर्वी शाळेत डेप्युटी येणार म्हणून फळे धुवून निघायचे आणि हुशार मुलं पुढच्या बाकावर बसायची, तसाच हा प्रकार. नियम तर स्पष्ट आहे. वैद्यकीय लॅबसाठीचं मानक, आयएसओ १५१८९, सांगतं, हा नमुना पेशंटच्या नमुन्यासारखाच हाताळा, आणि उत्तर पाठवायच्या आधी दुसऱ्या लॅबशी बोलू नका. फोन करणाऱ्यांनाही ते पाठ असतं.

मी त्यांना फार बोल लावत नाही. गुण कमी पडले तर पत्र येतं, कारणमीमांसा लिहावी लागते, मालक विचारतो, ‘पैसे भरूनही नापास कसे?’ परीक्षा म्हटलं की माणूस अभ्यास करणारच. पण मग प्रमाणपत्रावरचा आकडा त्या लॅबच्या सर्वांत चांगल्या दिवसाचा असतो. रविवारी संध्याकाळी, एकटी मुलगी ड्यूटीवर असताना आलेल्या पायाच्या जखमेचं काय झालं, हे त्यातून कळत नाही. शिवाय बाटलीतला जंतू बहुधा एकटा, निवडलेला, स्वच्छ. खऱ्या जखमेतून तीन-तीन निघतात आणि त्यातला गुन्हेगार कोण हे ठरवण्यातच अर्धं शास्त्र खर्ची पडतं. ओपीडीत तासन्‌तास बाहेर राहिलेली युरिनची डबी, अँटिबायोटिक सुरू झाल्यावर घेतलेलं ब्लड कल्चर, बेडक्याऐवजी आलेली नुसती लाळ, या चुका लॅबच्या दाराबाहेर होतात. बाटली थेट बेंचवर उतरते, त्यामुळे तिला यातलं काहीच दिसत नाही.

याच देशात एक दुसरी रीत आहे, आणि मोठ्या कॉर्पोरेट लॅबांनी ती क्षयरोग कार्यक्रमाच्या सूक्ष्मदर्शी केंद्रांकडून शिकावी असं माझं मत आहे. ग्रामीण रुग्णालयातला टेक्निशियन थुंकीची स्लाइड झील-नील्सनने रंगवतो: एक टक्का कार्बोल फुक्सिन, पंचवीस टक्के सल्फ्युरिक ॲसिड, मग मिथिलीन ब्लू. किमान शंभर फील्ड बघितल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. शंभर फील्डमध्ये एक ते नऊ जंतू दिसले तर ‘स्कँटी’, दहा ते नव्व्याण्णव म्हणजे वन प्लस, आणि पुढे थ्री प्लसपर्यंत. वाचून झालेली स्लाइड तेल टिपून बॉक्समध्ये नंबरवार ठेवायची, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह एकत्र, काचेवर निकालाची खूण न करता. मग दर महिन्याला रजिस्टरवरून काही स्लाइड उचलल्या जातात आणि जिल्हा केंद्रात दुसरा पर्यवेक्षक मूळ निकाल न बघता त्या वाचतो. दोघांचं जुळलं नाही तर तिसरा, ज्याला तिथे अंपायर म्हणतात, निवाडा करतो.

यातली खुबी वेळेची आहे. स्लाइड वाचली गेली तेव्हा ती परीक्षेची होती हे कोणालाच, अगदी परीक्षकालाही, ठाऊक नव्हतं. ती कोणा खऱ्या माणसाची होती, चाळीस जणांच्या रांगेतली. लाड करायला वावच नाही.

आणि चुका कशा पडल्या ते नीट बघितलं तर बरंच कळतं. सुटलेल्या सगळ्या स्लाइड ‘स्कँटी’च असतील, तर माणूस शंभर फील्ड पुरे करत नसणार; मग त्याच्यावर कामाचा बोजा किती आहे ते आधी विचारावं. टू प्लस, थ्री प्लससुद्धा सुटत असतील, तर डोळ्यांपेक्षा भिंगाचा किंवा रंगाचा संशय धरावा. पॉझिटिव्ह म्हणून दिलेली स्लाइड परीक्षकाला निगेटिव्ह दिसली, तर आरोप करण्याआधी ती पुन्हा रंगवावी, कारण उकाड्यात आणि दमट हवेत फुक्सिनचा लाल रंग उडतो. हे न बघता नुसता मेमो काढणारे साहेबही असतात. मेमोचा परिणाम ठरलेला: पुढच्या वेळी जिथे शंका असेल तिथे टेक्निशियन सुरक्षित उत्तर लिहितो, आणि त्या सुरक्षित उत्तराची किंमत खोकणारा माणूस मोजतो.

आता क्षयाचा जंतू यंत्राने शोधणारं सीबीनॅट आलं, गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट तालुक्यापर्यंत पोचलं, स्लाइडचे दिवस सरत चाललेत. यंत्र दमत नाही हे खरं. पण डबीवर चुकीचं नाव पडलं असेल तर यंत्रही बिनचूक निकाल चुकीच्याच नावावर देतं. डोळ्यांवर पट्टी बांधून केलेल्या फेरतपासणीची गरज त्याने संपत नाही.

म्हणून लॅब चालवणाऱ्या मित्रांना माझी विनंती आहे. ईक्वासच्या बाटल्या मागवा, त्या सोडू नका. पण महिन्यातून एकदा सकाळी आलेल्या एखाद्या युरिनचे दोन भाग करा, दुसऱ्या भागावर वेगळा नंबर टाका, एका वहीत नोंद करून ती कपाटात ठेवा आणि नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाशिवाय कोणाला सांगू नका. तो नमुना रांगेतून जाऊ द्या, ज्याच्या हाती पडेल त्याला लावू द्या. रिपोर्ट तयार झाला की पेशंटकडे जाण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघा: जंतू तोच आहे का, कॉलनी काउंट जुळतो का, सेन्सिटिव्हिटीत कुठे ‘एस’चा ‘आर’ झालाय का. फरक निघाला तर कोणाचं नाव न घेता सगळ्यांसमोर बोला. खर्च दोन-तीन प्लेटांचा आणि डझनभर डिस्कचा आहे.