चाळिशी

चाळीसगावानजीक पाटण येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिला. तेथील शिलालेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा. इटलीत चष्मा निघाला तो त्यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी. तोवर दृष्टी मंदावलेल्या पंडितास पाठांतराचाच आधार! आज जळगाव-धुळ्यास चष्मा सहज मिळतो. तरीही घरची गृहिणी चाळिशी उलटताच पोथी मिटून ठेविते आणि फळा न दिसणारे मूल मठ्ठ ठरते. शाळेत आयुष्य गेलेल्या आम्हांस हे पाहवत नाही. मुलाचा एखादा डोळा अधू असल्यास सातआठ वर्षांच्या वयाआत उपचार व्हावा. पुढे तो कठीण होतो. चष्म्याने मुलीचे लग्न अडेल म्हणून तपासणी टाळणाऱ्या वडीलधाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे.