एक जून : दाखल्यावरची तारीख आणि दोन गाड्यांचे वाढदिवस

१/
महाराष्ट्रात १ जून ही असंख्य माणसांची जन्मतारीख आहे. खरी नव्हे, शाळेतली. ज्या मुलाच्या जन्माची नोंद घरी कुणी ठेवली नव्हती, त्याचे वय गुरुजी अंदाजाने ठरवीत आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने दाखल्यावर १ जून लिहून टाकीत. म्हणूनच ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत निवृत्तीचे इतके निरोप समारंभ होतात. पुण्यात याच १ जूनला दोन गाड्यांचे वाढदिवसही साजरे होतात.

२/
पहिला पुणे रेल्वे स्थानकावर. सकाळी सव्वासातला मुंबईकडे सुटणाऱ्या दख्खनच्या राणीचे, म्हणजे डेक्कन क्वीनचे, इंजिन त्या दिवशी फुलांच्या माळांनी सजते आणि फलाटावर केक कापला जातो. नित्याचे पासधारक, रेल्वेचे कर्मचारी, छायाचित्रे घेणारी तरुण मुले अशी सारी मंडळी जमतात. थोड्याच वेळात गाडी वेळेवर घाटाच्या दिशेने निघते, कारण वाढदिवस असला तरी कचेरी चुकत नाही.

३/
वाहनांचे असे उत्सव जपानात मोठ्या हौसेने होतात. १४ ऑक्टोबर १८७२ रोजी शिंबाशी ते योकोहामा हा तेथील पहिला लोहमार्ग समारंभपूर्वक खुला झाला. तो दिवस रेल्वे दिन. १९०३ मध्ये क्योतोत बस धावू लागली, तो २० सप्टेंबर बस दिन. तिथे बहुधा वाहतूक संस्था यजमान असते आणि लोक पाहुणे असतात. पुण्याच्या फलाटावर मात्र वाढदिवसाचा पुढाकार प्रवाशांचा असतो. हा हक्क प्रवाशांना कधी मिळाला, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

४/
राणी १ जून १९३० रोजी धावू लागली. तेव्हा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कल्याण-पुणे मार्ग नुकताच विजेवर आला होता. प्रत्येकी सात डब्यांच्या दोन गाड्या तयार झाल्या. एक रुपेरी, तिच्यावर किरमिजी रेघा. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले, वरचे डबे मात्र माटुंग्याच्या कार्यशाळेतील कारागिरांनी बांधले.

५/
हा थाट कोणासाठी होता? पुणे ही मुंबई इलाख्याची पावसाळी राजधानी होती. गव्हर्नरचा मुक्काम गणेशखिंडीत हले आणि पावसाळ्यातच पुण्याच्या घोड्यांच्या शर्यती भरत. शर्यतींना येणारे श्रीमंत मुंबईकर हे राणीचे प्रारंभीचे मानकरी. तिला वर्ग दोनच होते, पहिला आणि दुसरा. तिसरा वर्ग नव्हताच. आणि या देशातील बहुसंख्य माणसे तर तिसऱ्या वर्गानेच प्रवास करीत. माटुंग्याच्या ज्या कारागिराने तो डबा घडवला, त्याच्या ऐपतीची एकही जागा त्यात नव्हती.

६/
स्वातंत्र्य आल्यावरही चित्र एका रात्रीत पालटले नाही. १ जानेवारी १९४९ रोजी राणीचा पहिला वर्ग रद्द झाला आणि दुसऱ्यालाच पहिला म्हटले जाऊ लागले. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला प्रथम लागले ते जून १९५५ मध्ये. म्हणजे राणीची पहिली २५ वर्षे सामान्य माणसाने ती केवळ फलाटावरून पाहिली. १९७४ मध्ये ‘तिसरा वर्ग’ हे नावही गेले आणि त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले.

७/
दुसरा वाढदिवस एसटीचा. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. बेडफर्ड कंपनीची गाडी, लाकडी बांधणी, काथ्या भरलेली आसने. अंग निळे, टप रुपेरी. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. राणीच्या दोन गाड्यांचे रंग, निळा आणि रुपेरी, या एकाच बसवर आले होते. हा निव्वळ योगायोग. पण रंग सारखे असले तरी वाट वेगळी होती. राणी घाट उतरून मुंबईला गेली, एसटी पुढे वाड्यावस्त्यांकडे वळली.

८/
एसटीच्या वर्धापन दिनी आगारांना तोरणे लागतात, दारात रांगोळी निघते, प्रवाशांना पेढे दिले जातात. त्यांतील कित्येक म्हाताऱ्या प्रवाशांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जूनच असते! ज्यांच्या जन्माची नोंद झाली नाही अशा घरांतील मुले याच गाडीने तालुक्याच्या शाळेत गेली, याच गाडीने आजारी माणसाला दवाखान्यात नेले, सासरी गेलेली लेक याच गाडीने माहेरी आली.

९/
अशा सेवेचे मोल ती थांबली की कळते. १ जून २०२० रोजी राणीला ९० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा टाळेबंदीमुळे ती धावत नव्हती. २०२१-२२ च्या हिवाळ्यात कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपामुळे एसटी अडली. शहरात त्याची बातमी झाली. खेड्यात शाळा, बाजार आणि दवाखाना ही तिन्ही ठिकाणे एकदम दूर गेली. त्यानंतरच्या १ जूनला, २०२२ मध्ये, त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर ‘शिवाई’ ही विजेवरची बस सुरू झाली. त्याच महिन्यात राणीलाही नवे डबे मिळाले. तिचा प्रसिद्ध भोजनयान डबा कायम राहिला.

१०/
वर्धापन दिन हा इतिहासाचा दाखला असतो, आणि दाखल्यावरची तारीख नेहमीच खऱ्या जन्माची असते असे नाही, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. कंपनीच्या वहीत राणी १९३० मध्ये जन्मली. फलाटावर आज केक कापणाऱ्यांची ती जून १९५५ मध्ये झाली. त्या महिन्याला निश्चित दिवस नाही, सोहळा नाही. पण त्याच्याशिवाय पुढचे सारे सोहळे मोजक्याच लोकांचे राहिले असते.

११/
येत्या १ जूनला सातच्या आत पुणे स्थानकावर जावे, राणीला निरोप द्यावा आणि तेथून स्वारगेटच्या आगारात पेढा घ्यायला जावे. कोणत्याही सार्वजनिक वस्तूचा वाढदिवस पाहताना दोन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर दिवस सार्थकी लागेल : ही कधी सुरू झाली, आणि ही सर्वांची कधी झाली? या दोन उत्तरांमधले अंतर, हाच पुष्कळदा आपला इतिहास असतो.