भिंतीला लागून मांडलेल्या खुर्च्या

चांदोर हे सासष्टी तालुक्यातलं गाव म्हणजे कदंब राजांचं जुनं चंद्रपूर. तिथल्या चर्चच्या चौकाला लागून ब्रागांझांचं घर लांबच लांब पसरलेलं आहे. बाहेरून ते एकच दिसतं, पण आत दोन शाखांत वाटलेलं आहे. पश्चिमेचा भाग मिनेझिस ब्रागांझांचा, पूर्वेचा परेरा ब्रागांझांचा. झुंबरं, चिनी मातीची भांडी, संगमरवरी फरशी, शिसवी खुर्च्या यांची वर्णनं पर्यटनाच्या प्रत्येक पुस्तकात सापडतात. माझा मुद्दा मात्र त्या वस्तूंच्या किमतीचा किंवा वयाचा नाही. जुनं घर जपायचं म्हणजे वास्तू, तिच्यातल्या वस्तू आणि तिथे जमणारी माणसं अशा तिन्ही गोष्टी एकत्र जपायच्या. यातली एक जरी बाजूला काढली तरी उरलेल्या दोन्ही मुक्या होतात. गोव्यात आणि महाराष्ट्रात आपण जतनाच्या नावाखाली बहुतेक वेळा हेच वेगळं काढण्याचं काम केलं आहे, आणि त्याचा हिशेब मांडायला चांदोरचं घर फार उपयोगी पडतं.

या घरातल्या नाचाच्या दालनात खुर्च्या भिंतीला लागून मांडलेल्या असतात. मधली सगळी जमीन मोकळी. पूर्वेकडच्या भागात उंच पाठीच्या दोन मोठ्या खुर्च्या आहेत. पोर्तुगालचा राजा दों लुईस याने त्या कुटुंबाला दिल्या, असं सांगितलं जातं. पण राजाच्या खुर्चीपेक्षा मला साध्या, वेताने विणलेल्या खुर्च्या जास्त बोलक्या वाटतात. बैठकीचा वेत बारीक जाळीचा असतो. गोव्याच्या दमट हवेत गादीची बैठक कुबट होते, वेतातून मात्र वारा खेळतो. गोव्यातल्या अशा घरांत आणखी एक आसन आढळतं: दोन खुर्च्या उलट दिशांनी जोडून केलेलं, वरून पाहिलं तर नागमोडी. त्यावर बसलेल्या दोघांची तोंडं जवळ येतात, पण मध्ये लाकडी हात राहतो. भिंतीशी बसलेल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेखाली तरुण-तरुणींनी बोलावं कसं, याचा सगळा नियम त्या लाकडी वळणात आहे. मधली मोकळी जमीन नाचणाऱ्यांसाठी. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतल्या अशाच घरांत मांडो हा गाण्या-नाचाचा प्रकार फुलला. घुमट हे मातीचं तालवाद्य आणि व्हायोलिन यांच्या साथीवर स्त्री-पुरुष समोरासमोरच्या रांगांत, एकमेकांना स्पर्श न करता, संथपणे पुढे-मागे सरकत. गाणं, नाच, खुर्ची आणि दालन यांची मापं एकमेकांना पाहून ठरलेली आहेत. आज मांडोच्या स्पर्धा रंगमंचावर होतात, तसलं आसन एखाद्या जुन्या वस्तूंच्या दुकानात किंवा हॉटेलच्या दर्शनी भागात दिसतं, आणि कितीतरी दालनांना कुलूप असतं. तिन्ही गोष्टी शिल्लक आहेत, पण त्या एकमेकांना भेटत नाहीत.

पुण्यात हीच ताटातूट वेगळ्या रूपात दिसते. दुसऱ्या बाजीरावाने बांधलेला विश्रामबागवाडा उभा आहे. त्याच्या सुरूच्या आकाराच्या सागवानी खांबांचं कौतुक योग्यच आहे. 1879 च्या आगीत वाड्याचा पुढचा भाग जळाला, तेव्हा लोकवर्गणीचा हात लागून तो पुन्हा उभा राहिला. पाठशाळा, महाविद्यालय, नगरपालिकेचं कार्यालय, टपाल कार्यालय अशा अनेक वापरांतून वाडा गेला आणि म्हणूनच पाडला गेला नाही, असं माझं मत आहे. पण आत बैठकीची मांडणी, समया, पाटचौरंग यांतलं पेशवेकालीन घरचं काही मागे राहिलं नाही. दुसऱ्या बाजूला राजा दिनकर केळकर संग्रहालयात सुमारे वीस हजार वस्तू आहेत. दिनकर केळकरांनी आयुष्य घालून दिवे, अडकित्ते, वजऱ्या, कलमदानं, दरवाजे गोळा केले, कोथरूडचा मस्तानी महाल आणून आत उभारला, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं नाव संग्रहाला दिलं. ते केळकर नसते तर यातलं बरंच काही मोडीत गेलं असतं. त्यांच्याबद्दल कृतज्ञताच हवी. तरीही काचेआडच्या अडकित्त्याला पानाचं तबक, पाहुणा आणि पडवी दिसत नाही. एका ठिकाणी घराविना वस्तू आणि दुसऱ्या ठिकाणी वस्तूंविना घर अशी ही स्थिती आहे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. गोव्यातली ही घरं भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची होती. त्यांचा थाट कुळांच्या आणि मुंडकारांच्या, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, श्रमावर उभा होता, मग समाजाने ती का जपावीत? आक्षेपातलं वास्तव मी नाकारत नाही. गोवा मुक्त झाल्यावर 1964 च्या कूळ कायद्याने आणि 1975 च्या मुंडकार कायद्याने ती सत्ता मोडली, ते न्यायाचंच होतं. पण त्याबरोबर जमिनीचं उत्पन्न थांबलं आणि एवढ्या मोठ्या घराचा खर्च मालकांच्या आवाक्याबाहेर गेला. त्यात पोर्तुगीज नागरी कायद्याने सगळ्या वारसांना हक्क असल्यामुळे एका छपराचे अनेक मालक झाले. मुंबईला, लिस्बनला, कॅनडाला विखुरलेल्या नातेवाइकांची सही मिळेपर्यंत कौलं फुटलेलीच राहतात. अशा वेळी झुंबर किंवा कपाट विकणं सोपं वाटतं, कारण ते गाडीत घालून नेता येतं. म्हणूनच आधी वस्तू जातात. अन्यायाच्या आठवणीसाठी तरी घर पूर्ण जपायला हवं, कारण दिवाणखान्याइतकंच स्वयंपाकघर, कोठार आणि मागची वाट तिथे दिसायला हवी. वस्तू उचलून नेल्या की फक्त देखणं दालन उरतं आणि कुणी राबलं हे पुसलं जातं. शिवाय ब्रागांझांचं घर एकाच बाजूचं नव्हतं. लुईस दि मिनेझिस ब्रागांझा (1878 ते 1938) यांनी वृत्तपत्रांतून पोर्तुगीज सत्तेवर टीका केली आणि 1930 मध्ये वसाहत कायद्याविरुद्ध विधिमंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक मानले जाणारे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हाही चांदोरचेच. संगमरवरी फरशीवर उभं राहूनही माणूस साम्राज्याला नाही म्हणू शकतो, हेही या भिंती सांगतात.

दुसरा आक्षेप जतनशास्त्र जाणणाऱ्यांचा, आणि तो मला अधिक अवघड वाटतो. वापराने वस्तू झिजतात. शंभर माणसं एका संध्याकाळी आली तर श्वासाची वाफ, पायांची धूळ, हातांचा घाम, सगळंच जुन्या लाकडाला आणि कापडाला बाधतं. हे खरं आहे. मात्र बंद ठेवलेलं घर वाचतं, हा समज कोकणपट्टीच्या पावसात टिकत नाही. चार महिने दारं लावून ठेवलेल्या खोलीत बुरशी धरते, पुस्तकांना कसर लागते, वाळवी आत शिरते आणि कुणाच्या नजरेस पडत नाही. या घरांतल्या शिंपल्यांच्या खिडक्यांचंच पाहा. पातळ, अर्धपारदर्शक शिंपला घासून चौकोनी करतात आणि लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवतात. ऊन मऊ होऊन आत येतं, पाऊस बाहेर राहतो. एक शिंपला निखळला की त्या भोकातून ओल येऊ लागते. घरात माणसांची ये-जा असेल तर कुणीतरी ते पाहतं आणि कारागिराला बोलावतं. ये-जा नसेल तर पुढच्या वर्षी अख्खी चौकट कुजते. मग वापर किती आणि कसा, एवढाच प्रश्न राहतो. राजाने दिलेल्या खुर्च्यांवर कुणी बसू नये, घरातल्या ग्रंथालयात एका वेळी मोजकीच माणसं असावीत, मेणबत्त्या नकोत, हे नियम घालता येतात. नाचाची जमीन मात्र नाचण्यासाठीच केलेली आहे.

गावात उत्सव जिवंत आहेतच. सहा जानेवारीला चांदोर, कावोरी आणि गिरदोली या तीन गावांतले तीन मुलगे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या वेषात चर्चला येतात. कार्निव्हालमध्ये मुसळ खेळ होतो. हातात सजवलेली मुसळं घेऊन पुरुष घरोघरी नाचत जातात. त्याची मुळं गाव ख्रिस्ती होण्याच्या आधीच्या काळातली मानली जातात. पण घराच्या खर्चाचा भार एकट्या कुटुंबावर टाकून घर, वस्तू आणि माणसं यांची साखळी टिकणार नाही. घर त्यांचं आहे आणि मागच्या खोल्यांतला खाजगीपणा त्यांचा हक्क आहे. पण ज्यांच्या नावाने पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्था आहे त्या लुईस यांचं सुमारे पाच हजार पुस्तकांचं ग्रंथालय याच घरात आहे. ती पुस्तकं उलगडू शकणारी, पोर्तुगीज आणि फ्रेंच वाचणारी पिढी झपाट्याने कमी होते आहे. सरकारने छपराच्या दुरुस्तीचा आणि ग्रंथसूचीचा खर्च उचलावा, संस्थेने तिथे वर्षातून दोनदा तरी वाचनाच्या बैठका घ्याव्यात, आणि मांडोची एक संध्याकाळ स्पर्धेच्या मंचावरून काढून त्या दालनात न्यावी, कुटुंबाच्या संमतीने आणि त्यांना योग्य मानधन देऊन. चांदोरला ही सुरुवात झाली तर सासष्टीतल्याच लोटलीच्या आणि कुडतरीच्या जुन्या घरांच्या वारसांनाही झुंबर विकण्याआधी विचारायला एक दार राहील.